गोव्याच्या दमट हवेत हाताने घडवलेली गिटार: कारागिरी बघायची कुठे?

मांडवीकाठ

हाताने बनवलेल्या गिटारीचं कौतुक सुरू झालं की गाडी शिंपल्याचा जडाव, ध्वनिछिद्राभोवतीची नक्षी आणि शिसवीच्या रेषा यांवर जाऊन थांबते. या तिन्ही गोष्टी आजकाल संगणकावर चालणारं सीएनसी मशीनही बिनचूक करतं. कारागिराचा हात दिसतो तो आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक सहसा डोकावत नाही. आणि आपल्याकडे गोव्यात तर त्याच्याही आधी एक प्रश्न येतो: लाकडातली ओल त्याने कशी सांभाळली? धागा त्यासाठी आहे. ग्लॉस बरं की मॅट, या वादासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

सामान फार लागत नाही. छोटा टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा गोल आरसा, ६० सेंमीची सरळ स्टीलपट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणि पातळ कागदाचा एक तुकडा.

तारा सैल करून आरसा ध्वनिछिद्रातून आत घाला आणि आधी ब्रेसची टोकं बघा. वरच्या फळीला आतून चिकटवलेल्या या काठ्या कडेपर्यंत निमुळत्या होत जातात. मुख्य ब्रेसची टोकं कडेच्या आतून फिरणाऱ्या दातेरी पट्टीत खाच करून बसवलेली हवीत. टोक पट्टीच्या अलीकडेच हवेत संपलं असेल तर तिथून ब्रेस सुटायला सुरुवात होते, आणि एक दिवस ठराविक स्वराला बारीक खरखर ऐकू यायला लागते. बोटाच्या पेराने फळीवर जागोजागी ठोकलं तर सुटलेली ब्रेस लगेच बोलते.

मग ब्रिजच्या, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेल्या तारा अडकवायच्या ठोकळ्याच्या, खालची आतली पट्टी. स्टीलच्या तारांच्या गिटारीत तारांचे मणी तिथे अडकतात. भोकांच्या कडा स्वच्छ असाव्यात, ढलपे उडालेले नसावेत, मणी लाकडात रुतलेले नसावेत.

बाहेरून ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. तो दोन-तीन मिलिमीटरही आत जाता कामा नये. १२-५३ मापाच्या स्टीलच्या संचाचा एकूण ताण ७३ किलोच्या आसपास असतो आणि तो ब्रिजला सतत पुढे ओढत, मागून उचलत असतो. जिथे कागद आत जातो तिथे बहुतेक वेळा ब्रिजच्या कडेखालचं पॉलिश खरवडलेलंच नसतं. डिंक लाकडाला लागायच्या ऐवजी पॉलिशला लागलेला असतो, आणि तो सुटणारच.

शेवटी स्टीलपट्टी फ्रेट्सवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) उभी धरून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकून जावं. ते ब्रिजच्या माथ्याखाली जाऊन लाकडावर आपटत असेल तर नेकचा (गिटारीच्या मानेचा) कोन बसलेला नाही. सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) कितीही घासा, दोन-तीन पावसाळ्यांत नेक उतरवून पुन्हा बसवायची वेळ येईल.

भर घाला, दुरुस्त्या करा.

काणकोणकर

वाचतोय. बसलो आहे आरसा घेऊन. :)

केतकी_म्हापसा

छान धागा. एक प्राथमिक प्रश्न: कारखान्यातली गिटारही त्याच जातीच्या लाकडाची, त्याच मापाची, त्याच 'एक्स' ब्रेसिंगची (मुख्य दोन ब्रेस फुलीसारख्या) असते. मग हाताने बनवणारा वेगळं काय करतो? नुसता जास्त वेळ लावतो, एवढंच?

तिसरा_फ्रेट

केतकीताई, कारखाना माप ठरवतो. हाताने बनवणारा फळी बघून माप ठरवतो. सगळा फरक इथे आहे.

वरच्या फळीसाठी स्प्रूस नावाचं लाकूड वापरतात. एकाच स्प्रूसच्या ओंडक्यातल्या दोन फळ्यांच्या कणखरपणात चांगलाच फरक पडू शकतो. कारखान्याला प्रत्येक फळीसाठी थांबता येत नाही, आणि वॉरंटीत परत आलेली गिटार परवडत नाही, म्हणून तो सर्वांत कमकुवत फळीला झेपेल अशी जाडी सगळ्यांना देतो. चांगल्या फळ्या मग गरजेपेक्षा जाड राहतात. वाजायला जड, आवाज आखडलेला.

आकडे बघा. फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिमीची फळी २.७ केली, म्हणजे जाडी फक्त १० टक्के कमी केली, तर कणखरपणा २७ टक्क्यांनी उतरतो. ब्रेसच्या उंचीलाही हाच हिशेब: १५ मिमीची ब्रेस १३.५ केली की तेवढीच घट. रुंदी मात्र सरळ प्रमाणात चालते. म्हणून जाणता कारागीर ब्रेस उंच आणि अरुंद ठेवतो. मुख्य 'एक्स'साठी साधारण ८ मिमी रुंद आणि १५-१६ मिमी उंच इथून सुरुवात करतो आणि मग उंचीला हात घालतो. रुंद आणि बुटकी ब्रेस नुसतं वजन वाढवते.

प्रत्यक्षात असं करतात: फळी आधी ३.२ मिमीपर्यंत सारखी रंधून घ्यायची. दोन टोकांना आधार देऊन मधोमध १ किलोचं वजन ठेवायचं आणि डायल गेजवर (मिलिमीटरचे अंश दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर) किती वाकली ते वाचायचं, एकदा रेषांच्या दिशेने, एकदा आडवी. मग थोडी रंधायची, पुन्हा वजन. स्टीलच्या तारांसाठी स्प्रूस बहुधा २.६ ते ३ मिमीच्या मध्ये कुठेतरी थांबतो, नायलॉनसाठी २ ते २.५. पाठ २.३ ते २.८, कडा २ च्या आसपास. पण हे आकडे म्हणजे नुसता रस्ता. कुठे उतरायचं ते गेज सांगतं.

एक इशारा. फळीवर टिचकी मारून 'कशी घंटेसारखी वाजते बघा' म्हणणारे विक्रेते भेटतात. सुटी फळी वाजते ते तिच्या मोकळ्या कडांमुळे. पेटी बंद झाल्यावर कडा बांधल्या जातात आणि तो स्वर उरतच नाही. तयार गिटारीत मोजण्यासारखे दोन: पेटीतल्या हवेचा अनुनाद, जो मोठ्या पेटीत १०० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि वरच्या फळीचा मुख्य अनुनाद, जो साधारण १८० ते २०० मध्ये असतो. यातला एखादा बरोबर एखाद्या स्वरावर बसला तर तो स्वर धप्पकन मोठा येतो आणि लगेच विझतो. म्हणून दोन स्वरांच्या मध्ये पडलेला अनुनाद चांगला. सहाव्या तारेवर जी, जी-शार्प, ए असे ओळीने वाजवून बघा. तिन्ही सारखे टिकले तर कारागिराने लक्ष घातलंय.

मांडवीकाठ

+१. टिचकीचं स्पष्टीकरण नेमकं.

रंधा

सगळं खरं, पण तिसरा_फ्रेट यांनी सांगितलेलं मोजमाप ओल्या लाकडावर केलं तर फुकट आहे. म्हणून मुळापासून लिहितो.

लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के असेल तर लाकडातली ओल ८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. ८० टक्के हवेत तीच १६ वर जाते. उभ्या रेषांची स्प्रूस फळी ओलीच्या प्रत्येक टक्क्याला आडव्या अंगाने साधारण ०.१५ टक्का आकसते. आता गणित करा: मोठ्या गिटारीची रुंदी ४०० मिमी. जुलैत गोव्याच्या उघड्या शेडमध्ये पेटी चिकटवली आणि ती गिटार मे महिन्यात दिल्लीला नेली. ओल १६ वरून ८ किंवा त्याहून खाली. फळीला जवळपास ५ मिमी आकसायचंय, पण कडा डिंकाने धरलेल्या आणि आतल्या ब्रेस आडव्या. लांबीत लाकूड आकसत नाही, त्यामुळे ब्रेस जागची हलत नाही. फळीकडे एकच वाट उरते: तडा. बहुधा ब्रिजच्या मागे मधल्या जोडावर, नाहीतर फिंगरबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) कडेने.

उलटं फारसं घडत नाही. ४५ टक्क्यांत बनवलेली गिटार दमट हवेत फुगते, पोट काढते, तारा वर येतात, आवाज जरा झोपतो. पण फुटत नाही, आणि हवा सुकली की परत येते. म्हणून जगभर ४० ते ५० टक्क्यांत पेटी बंद करायचा रिवाज आहे. चूक झालीच तर कोरड्या बाजूची परवडते.

आपल्याकडे हे कसं साधायचं? डिसेंबर ते फेब्रुवारी दुपारची हवा बऱ्यापैकी उतरते, तरी समुद्राजवळ ४५ आपोआप मिळत नाही. एक छोटी खोली, खिडक्या-दारांना रबरी पट्ट्या, आणि पाणी काढणारं डीह्युमिडिफायर. एसीवर विसंबू नका. खोली थंड झाली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालूच राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. आकडा झोपाळ्यासारखा वरखाली होतो.

आर्द्रतामापक आधी तपासा. स्वस्तातले दहा-दहा टक्क्यांनी खोटं बोलतात. झाकणाच्या डब्यात बाटलीचं एक बूच भरून मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी साचू देऊ नका. मापक शेजारी ठेवून डबा घट्ट लावा. ८-१० तासांनी आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक तेवढी दुरुस्ती मापकावर लिहून चिकटवा.

फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून त्या खोलीत रचा, आणि प्रत्येकीवर तारीख व वजन पेन्सिलने लिहा. आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की फळी खोलीशी जुळली. वजन अजून उतरत असताना ब्रेस चिकटवली तर पुढच्या महिन्यात फळी परातीसारखी वळलेली दिसेल.

कुणाकडून गिटार बनवून घेत असाल तर एकच विचारा: ब्रेस चिकटवली आणि पेटी बंद केली त्या दिवशी आर्द्रता किती होती? जो काम जाणतो तो वही उघडून सांगतो. बरेच जण हा आकडा आतल्या लेबलवर किंवा पाठीच्या आतून लिहूनही ठेवतात.

केतकी_म्हापसा

रंधाशेठ, दंडवत घ्या. डीह्युमिडिफायर नाही, पण बल्ब लावलेलं लाकडी कपाट आहे. त्यात फळ्या ठेवल्या तर?

रंधा

साठवायला उत्तम. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३९-४० अंशांपर्यंत तापली की सापेक्ष आर्द्रता ४५ च्या जवळ येते, पाणी काढायची गरजच नाही. वर-खाली हवेला भोकं ठेवा, बल्ब खाली, फळ्या त्यापासून दीड-दोन फूट वर, आणि मापक फळ्यांच्या उंचीवर.

अडचण बाहेर काढल्यावर. ३ मिमीची पातळ फळी दमट खोलीत अर्ध्या तासातच ओल ओढायला लागते. डिंक लावून क्लॅम्प रात्रभर ठेवायचे म्हणजे ती तेवढा वेळ दमट हवेत. त्यामुळे कपाटाच्या जोरावर पावसाळ्यात पेटी बंद करू नका. पावसाळ्यात नेक कोरा, ब्रिज घडवा, फिंगरबोर्डला फ्रेटच्या खाचा पाडा. पेटीचं काम जानेवारीत.

शिसवी

लाकडाबद्दल थोडं.

पाठ आणि कडांसाठी जगभर ज्याला मागणी आहे ते भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव, पश्चिम घाटातली. रस्त्याकडेला लावतात तो उत्तरेकडचा शिसम तिचा चुलतभाऊ. दोन्ही एक समजून खरेदी करू नका. शिसव दाट, जांभळट-तपकिरी, रेषा सरळ मिळाल्या तर कामाला गोड. तेलकट असते, म्हणून चिकटवायच्या आधी पृष्ठभाग ताजा रंधून किंवा अॅसिटोनने पुसून लगेच डिंक लावायचा. तासभर तसंच ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

घराच्या आवारातलं झाड असलं तरी गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही. रोझवूडची सगळी जात २ जानेवारी २०१७ पासून साइटिसच्या, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षं गिटार परदेशी पाठवणाऱ्यांची कागदपत्रांत दमछाक झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. कच्च्या फळ्यांना नाही. ब्राझीलची शिसव तर १९९२ पासून आणखी कडक अशा पहिल्या परिशिष्टात, ती सूट तिला लागू नाही. जुनी गिटार परदेशातून आणताना हे आधी बघा.

इथला सोपा मार्ग म्हणजे जुनं सामान. पोर्तुगीज काळातले पलंग, कपाटं, दरवाजे मोडीत निघतात, त्यात कित्येक दशकं सुकलेली शिसव आणि साग असतो. पण डोळे उघडे ठेवून घ्या. फर्निचरच्या फळ्या बहुतेक आडव्या चिरलेल्या, म्हणजे टोकाकडून बघितलं तर वर्तुळरेषा फळीला समांतर झोपलेल्या दिसतात. अशी फळी २.५ मिमीला वळते आणि फुटते. रेषा काटकोनात उभ्या दिसतील तेवढाच भाग कामाचा. खिळे मॅग्नेट फिरवून शोधा, नाहीतर रंध्याच्या पात्याची वाट लागते. बाहेरचं फिकट लाकूड तर नकोच, तिथेच भुंगा लागतो.

फणसाचा विचार जरूर करा. तंजावरची वीणा फणसाचीच. पिवळा रंग काही वर्षांत तपकिरी होतो, हलका, रंधायला बरा. नेकसाठी महोगनी महाग वाटली तर तूण बघा. महोगनीच्याच कुळातला, पश्चिम घाटात उगवतो, हलका आणि वळत नाही. आंबा नको, कीड सोडत नाही. साग टिकाऊ, पण आवाज मऊ होतो असं माझं मत.

तिसरा_फ्रेट

शिसवीबाब, शेवटच्या वाक्यावर थोडं थांबू. पाठीच्या लाकडाने आवाज बदलतो हे आपण फार मोठ्याने सांगतो. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, पाठ आणि कडांचं लाकूड सोडून बाकी सगळं शक्य तितकं सारखं. ५२ वादकांनी त्या अंधाऱ्या उजेडात, रंग दिसणार नाही असा चष्मा घालून वाजवल्या. महाग रोझवूड आणि स्वस्त लाकूड यांत त्यांना आवाजाच्या दर्जाचा म्हणावा असा फरक दिसला नाही. स्पेनचा गिटार-कारागीर तोर्रेस याने तर १८६२ मध्येच पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या करून वरच्या फळीचं महत्त्व दाखवून दिलं होतं.

शिसव वापरायची कारणं दुसरी आहेत: ती वाकते छान, हलत कमी, दिसते सुंदर. तेवढं पुरेसं आहे.

शिसवी

मान्य, 'माझं मत' म्हणूनच लिहिलं होतं. :) पण तुमच्या अभ्यासात सगळ्या पाठींची जाडी सारखी धरली असणार. सागाची पाठ सागाला झेपेल तशी घडवली तर हिशेब बदलेल, हे तुम्हीच वर सांगितलंय.

तिसरा_फ्रेट

मुद्दा बरोबर.

काणकोणकर

कडा वाकवायचं कुणी लिहिलंच नाही. सगळ्यात भीती वाटते ते काम तेच.

रंधा

भीती घाईमुळे. कडेची पट्टी आधी २ मिमीला सारखी करा, अर्धा मिमी जाड राहिली तरी कमरेच्या वळणावर तडकते. लोखंडी नळी आतून तापवायची, १५०-१६० अंश. पाण्याचा थेंब टाकला की लगेच उडून जायला हवा. पट्टी फवाऱ्याने ओली करा, भिजत टाकू नका. शिसव तासभर पाण्यात ठेवली की लाटा पडतात आणि तिचा जांभळा रंग सुटून शेजारच्या पांढऱ्या पट्टीत उतरतो.

बाहेरच्या बाजूने पातळ पत्र्याची पट्टी लावून दोन्ही हातांनी धरा, म्हणजे ताणलेले तंतू उचलले जात नाहीत. कमरेपासून सुरुवात. जोर लावायचा नाही, नळीवर टेकवून पुढे-मागे हलवत राहायचं. लाकूड तापलं की हाताला एकदम सैल लागतं, त्या क्षणी वाकवायचं. सैल पडायच्या आधी दाबलं तर मोडतं, नंतर थांबलात तर करपतं. वळण साच्यापेक्षा किंचित जास्त घ्या, गार होताना थोडं उघडतं. मग साच्यात क्लॅम्प लावून ठेवा, आणि गरम पाण्यामुळे शिरलेली ओल जाईपर्यंत तीन-चार दिवस त्या कोरड्या खोलीत.

तयार गिटारीत हे काम तपासायचं तर खिडकीच्या तिरक्या उजेडात कमरेची बाजू बघा. प्रतिबिंब एकसंध वाहिलं पाहिजे. तुटक दिसलं तर वळण सपाट तुकड्या-तुकड्यांत गेलंय. करपलेलं घासून काढलं असेल तर तिथे कडा पातळ झालेली असते, अंगठ्याने हलकं दाबलं की कळतं.

डिंकाबद्दलही सांगून टाकतो. पांढरा सुतारी डिंक फर्निचरला ठीक, ब्रिजला नको. सततच्या ताणाखाली आणि उन्हात तो हळूहळू सरकतो. पिवळा अॅलिफॅटिक डिंक किंवा सरस. सरसाचे दाणे एक भाग, पाणी दोन भाग वजनाने, भिजवून ६० अंशांवर गरम. ६५ च्या वर गेलात तर ताकद जाते. थंड देशांत मिनिटभरात आळतो म्हणून लोक घाबरतात, आपल्याकडे ३० अंशांत थोडा जास्त वेळ मिळतो. पण उरलेला फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. वास यायला लागला की फेकायचा. आणि कोणताही डिंक असो, गिटार दुपारी बंद गाडीत ठेवू नका. म्हापशाच्या बाजारात उन्हात उभी केलेली गाडी ब्रिज उचलायला पुरेशी आहे.

लाखी

पॉलिशवर माझा हक्क. :)

चपडा लाख आपल्या झारखंडातून जगभर जाते आणि आपण घरी पीयू (पॉलियुरेथेन) मारतो! लाखेचा थर इतका पातळ बसतो की फळीला ओझं होत नाही. फर्निचरवाल्यांच्या हाताने मारलेलं जाड पीयू किंवा मेलामाइन म्हणजे फळीवर प्लास्टिकची चादर. सगळी रंधून मिळवलेली कमाई तिथे जाते.

प्रमाण: १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम मेण काढलेली लाख. दुकानातल्या डिनेचर्ड स्पिरिटमध्ये पाणी असतं, शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या. रात्रभर विरघळू द्या, मलमलमधून गाळा, बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांवर गेलेली लाख काचेवर एक थेंब टाकून तपासा. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर ती बाटली ओतून द्या, ती कधीच कडक होणार नाही. शिसवीची छिद्रं आधी प्युमिस दगडाच्या भुकटीने भरून घ्या. मग सुती फडक्यात लोकर गुंडाळलेला बोळा, त्यावर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब, गोल गोल आणि आठाच्या आकड्यात. बोळा चालत असताना फळीवर थांबवायचा नाही. थांबला की खालचा थर उचलून येतो.

गोव्यातला खरा शत्रू पांढरट झाक. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ लाखेत अडकते. ६५-७० टक्क्यांच्या वर बोळा हातात घेऊ नका. झाक आलीच तर कोरड्या दिवशी जवळजवळ सुक्या बोळ्याला किंचित स्पिरिट लावून वरून फिरवा, बहुतेक वेळा निघून जाते.

तोटाही सांगते: घाम. उजवा हात जिथे टेकतो तिथे लाख वर्षभरात मऊ पडते. वाजवताना सुती बाही किंवा रुमाल. दारूचा ग्लास गिटारीपासून लांब, हे गोव्यात वेगळं सांगायला हवं!

काणकोणकर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

केतकी_म्हापसा

पावसाळ्यात तारा वर येतात असं रंधाशेठ म्हणाले. जूनमध्ये सॅडल घासून खाली आणावी का?

रंधा

तीच सॅडल घासू नका. ऑक्टोबर संपता-संपता फळी खाली बसली की तारा फ्रेटला घासतील. दोन सॅडल ठेवायच्या, दोन्ही हाडाच्या: एक कोरड्या दिवसांची, एक पावसाळी. खालून अनुक्रमे एक आणि दोन खाचा मारून ठेवा म्हणजे अदलाबदल होत नाही.

आधी नेकचा वाक बघा. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्यावर फट मोजा: ०.१५ ते ०.२५ मिमी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक कमी-जास्त करायची सळी) फक्त यासाठी असतो, तारांची उंची कमी करायला नाही. पाव फेरा द्या, पुन्हा सूर लावा, मग मोजा. नंतर नट, म्हणजे नेकच्या डोक्याकडची तारांच्या खाचांची पट्टी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहावी. मग बाराव्या फ्रेटवर उंची: जाड तारेला २.४, बारीक तारेला १.८ च्या आसपास. बाराव्यावर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल १ मिमी घासावी लागते, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर आहे. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सॅडल उभी धरून घासा, तळ गोल झाला तर आवाज खातो.

पेटीत सिलिका जेलची पाकिटं ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास, परत तयार.

मांडवीकाठ

फ्रेटचं अंतर एकदा लिहून ठेवतो, कुणी स्वतः खाचा पाडणार असेल तर. स्केल लांबी (नटपासून सॅडलपर्यंतचं हिशेबाचं अंतर) भागिले १७.८१७ म्हणजे नटपासून पहिला फ्रेट. ६५० मिमीला ३६.४८. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा. दुसरा नटपासून ७०.९२ वर येतो, बारावा बरोबर ३२५ वर. गणित असं केलं तरी फळीवर प्रत्येक खूण नटपासूनच मोजा. मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर पेन्सिलच्या टोकाची जाडी विसाव्या फ्रेटपर्यंत मिलिमीटर होते. सॅडल ६५० वर नाही, दोन-तीन मिमी मागे आणि जाड तारांकडे जरा तिरकी. दाबल्यावर तार ताणली जाते तिची ती भरपाई.

केतकी_म्हापसा

अजून एक, मग थांबते. घरी जुनी नायलॉनच्या तारांची गिटार आहे. स्टीलच्या तारा चढवल्या तर?

तिसरा_फ्रेट

अजिबात नको. नायलॉनचा संच ४० किलोच्या आसपास ओढतो, स्टीलचा ७३. आतल्या पंख्यासारख्या ब्रेस आणि ट्रस रॉडशिवायची नेक त्या ताणासाठी नसतात. ब्रिज उडेल किंवा नेक धनुष्य होईल.

काणकोणकर

अवांतर: फादोसाठी (पोर्तुगीज गाण्यांसाठी) वाजवतात ती बारा तारांची पोर्तुगीज गिटार या तपासणीत बसते का? आणि घुमटाबद्दल (आपल्या मातीच्या तालवाद्याबद्दल) वेगळा धागा काढा कुणीतरी. २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं, घोरपडीच्या कातड्याऐवजी बकऱ्याचं आलं, त्याच्या ताणावर लिहिण्यासारखं खूप आहे.

मांडवीकाठ

घुमटाचा धागा तुम्हीच काढा, काणकोणकर.

पोर्तुगीज गिटार अर्धी बसते. आतल्या ब्रेस, कडा, ओल हे सगळं तेच. ब्रिजची कागदवाली चाचणी मात्र लागू नाही, कारण ब्रिज चिकटवलेलाच नसतो. तारा खाली शेपटीच्या पट्टीला अडकतात आणि सुट्या ब्रिजवरून जातात, म्हणजे ताण फळीला उचलत नाही, खाली दाबतो. म्हणून तिथे फळीचं ब्रिजखालचं बसणं बघायचं: स्टीलपट्टी आडवी धरली तर मूळची हलकी कमान दिसली पाहिजे, खळगा नाही. सहा जोड्या, लिस्बन पद्धतीची स्केल ४४०-४४५ मिमी, कोइंब्राची साधारण ४७० आणि सूर एक स्वर खाली. डोक्याकडे बघूनही ओळखता येतं: लिस्बनला गोगलगायीसारखी वळी, कोइंब्राला थेंबाचा आकार.

तारा बदलताना एक लक्षात ठेवा. पंख्यासारख्या मांडलेल्या त्या खुंट्यांना तार गुंडाळता येत नाही, आकडीत फास अडकवावा लागतो आणि तो प्रत्येक तारेला हाताने पिळून करायचा असतो. आकडी पूर्ण सैल सोडून, म्हणजे नटच्या बाजूच्या टोकाला आणून, मग फासाची जागा मोजा. आकडी वर ओढलेली असताना मोजली तर तार सुराला पोचायच्या आधीच स्क्रूचे आटे संपतात.

काणकोणकर

देव बरें करूं. फास पिळायला कुठलं हत्यार?

मांडवीकाठ

छोट्या हँडड्रिलच्या तोंडात वाकवलेला खिळा. तारेचं टोक त्यात अडकवून सात-आठ वेढे, दुसऱ्या हाताने तार ताणून. डोळ्यांवर चष्मा घाला, बारीक तार सुटली की सरळ तोंडावर येते.